दात हलतो तेव्हा आत काय चाललेलं असतं?

आज कोडिंग नाही, आज हिरड्या.

आमच्या वरठीत काय नि भंडाऱ्यात काय, पन्नाशीतल्या माणसाचा दात हलायला लागला की घरचे म्हणतात, "वय झालं आता." पण नुसत्या वयाने दात हलत नाही. तो ज्या हाडात रुतलाय ते हाड खचलेलं असतं. आणि गंमत म्हणजे, ते हाड जंतू खात नाहीत. आपल्याच पेशी खातात.

हाड सतत मोडतं आणि नव्याने बांधलं जातं. मोडणाऱ्या पेशी म्हणजे ऑस्टिओक्लास्ट. त्यांना कामाला लावतं रँकल नावाचं प्रथिन. ही किल्ली समजा. या पेशी ज्यांच्यापासून तयार होतात, त्यांच्यावर रँक नावाचं कुलूप असतं. किल्ली लागली की तोडफोड सुरू. तिला आवर घालायला शरीराकडे ऑस्टिओप्रोटेजेरिन असतं, थोडक्यात ओपीजी. हे खोटं कुलूप. सुटं फिरतं आणि किल्ली आपल्यातच अडकवून ठेवतं. १९९७ मध्ये ते जगासमोर आलं.

आता दाताच्या कडेला घाण साचली, हिरडी सुजली की जंतूंशी लढायला आलेल्या पेशीच रँकल सोडतात. किल्ल्या वाढतात, खोटी कुलपं कमी पडतात. लढाई जंतूंशी, नुकसान हाडाचं! खर्रा, विडी-सिगारेट आणि आटोक्यात नसलेली शुगर असेल तर काम आणखी बिघडतं.

मग ओपीजीसारखं औषध नाही का? आहे. डेनोसुमॅब हे इंजेक्शन रँकललाच अडवतं. २०१० मध्ये अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली, पण ठिसूळ हाडांसाठी; हिरड्यांसाठी नाही. घरात आजी ते घेत असेल, तर दात काढण्याआधी डेंटिस्टला नक्की सांगा.

आपल्यासाठी उपाय साधाच आहे. ब्रश करताना रक्त येणं ही पहिली सूचना. नुसती हिरडी सुजली असेल तर ती पूर्ण बरी होते. हाड एकदा गेलं की आपोआप भरून येत नाही, उरलेलं वाचवायचं असतं.

"दात साफ केले की हलतात," असं खूप जण सांगतात. खरं तर हाड आधीच गेलेलं असतं. साचलेल्या दगडाने दात धरून ठेवलेले असतात, एवढंच. तेव्हा रक्त दिसलं की ब्रश थांबवू नका, डेंटिस्टकडे जा. आणि हा भाग घरच्या मोठ्यांनाही ऐकवा. भेटू पुढच्या भागात!