रब्बी ज्वारी आणि ओलीचा हिशेब

(रब्बी हंगामापूर्वीच्या शेतकरी मेळाव्यात केलेले भाषण)



सोलापूर, अहिल्यानगर, बीड या पट्ट्यात रब्बी ज्वारी पेरल्यावर तिच्यावर पाऊस पडेलच याची खात्री नसते. सप्टेंबरात जमिनीने जे पाणी पोटात घेतले, त्यावर चार महिने काढायचे. हे पीक शिलकीवर जगते. तेव्हा आज बियाणे-खतांच्या आधी या शिलकीचा हिशेब करू.

एका एकरावर २५ मिलिमीटर पाऊस झाला की सुमारे एक लाख लिटर पाणी पडते. म्हणजे दहा हजार लिटरचे दहा टँकर. मीटरभर खोल काळी जमीन पूर्ण भिजली, तर पिकाला घेता येईल अशी साधारण १५० ते २०० मिलिमीटर ओल तिच्यात राहते. एकरी साठ ते ऐंशी टँकर झाले. २०१२-१३ च्या दुष्काळात गावात एक टँकर आला की काय गर्दी व्हायची, ते आठवा. हलक्या, फूट-दीड फुटाच्या जमिनीत मात्र ही शिल्लक फारच थोडी असते.

आता समजा, बांधाला बांध लागून दोन शेते आहेत. दोन्हींतून हंगामात १५० मिलिमीटर ओल गेली. एकाला हेक्टरी ६ क्विंटल ज्वारी झाली, दुसऱ्याला ९. पहिल्याने मिलिमीटरमागे ४ किलो धान्य काढले, दुसऱ्याने ६. यालाच आम्ही पाणी वापराची कार्यक्षमता म्हणतो. पाऊस दोघांनाही सारखाच होता. पहिल्याची ओल तणाने, उन्हाने आणि भेगांनी नेली.

काम खरे तर पावसाळ्यातच सुरू होते. रान पडीक आहे म्हणून तसेच सोडू नका. जुलैत उताराला आडवे सरी-वरंबे पाडा, किंवा सारा यंत्राने बंदिस्त वाफे करा. पडणारे पाणी जागेवर मुरले पाहिजे. ओढ्याला गेलेले पाणी पुढे बंधाऱ्यात अडेलही, पण तुमच्या ज्वारीच्या मुळाशी ते परत येत नाही.

पेरणी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर या काळात करा. फार लवकर पेरल्यास खोडमाशी त्रास देते, उशीर केल्यास वरचा थर सुकून उगवण विरळ होते. जमिनीप्रमाणे वाण निवडा: हलक्या जमिनीस फुले अनुराधा, मध्यम जमिनीस फुले सुचित्रा किंवा मालदांडी ३५-१, भारी जमिनीस फुले वसुधा. बियाण्यास गंधक चोळावे, म्हणजे काणी येत नाही. दोन चाड्यांच्या पाभरीने खत बियाण्याखाली ओलीत पडते. कोरडवाहूत नत्राचा हप्ता मागे ठेवू नका. वरून टाकलेला युरिया कोरड्या मातीत पडून राहतो.

आता विरळणी. इथे बहुतेकांचा हात थांबतो. ४५ बाय १५ सेंटिमीटरवर हेक्टरी सुमारे १ लाख ४८ हजार ताटे बसतात. कडबा जास्त मिळावा म्हणून आपण दाट पेरतो आणि उगवलेले उपटायला मन होत नाही. दावणीला जनावरे आहेत, कडब्याचा भाव ठाऊक आहे, म्हणून हा मोह मला समजतो. पण दाट ताटे नोव्हेंबरातच ओल पिऊन बसतात. मग पोटरीतून कणीस नीट निसवत नाही, दाणा बारीक राहतो आणि वाळलेल्या ताटाचा कडबाही हलकाच भरतो. उगवणीनंतर १०-१२ दिवसांत विरळणी उरका. उपटलेली रोपे मात्र जनावरांपुढे टाकू नका; कोवळ्या ज्वारीत विष असते.

‘एक कोळपणी, अर्धे पाणी’ हे तुम्ही वाडवडिलांकडून ऐकलेच आहे. पहिली कोळपणी तिसऱ्या आठवड्यात फटीच्या कोळप्याने, दुसरी पाचव्या आठवड्यात पासेच्या कोळप्याने आणि तिसरी आठव्या आठवड्यात दातेरी कोळप्याने करावी. पहिल्या दोन तणासाठी आहेत. तिसऱ्या वेळी तण फारसे नसते, म्हणून लोक ती टाळतात. नेमकी तेव्हाच जमीन भेगाळू लागलेली असते, आणि भेगेतून खालच्या थरातली ओल वारा ओढून नेतो. दातेरी कोळप्याने माती भुसभुशीत होऊन भेगा बुजतात. बैल नसतील तर शेजाऱ्याशी सावड करा, पण ही पाळी चुकवू नका.

ज्यांच्याकडे हेक्टरी पाच टन गवत, धसकटे, भुसकट असे काही असेल, त्यांनी तीन आठवड्यांच्या आत ओळींमध्ये पसरावे. कडबा त्यासाठी वापरा, असे मी कोरडवाहू शेतकऱ्याला सांगणार नाही.

शेततळे असेल आणि एकच पाणी देता येत असेल, तर ते पीक पोटरीत येताना, ५० ते ५५ दिवसांनी द्या. मात्र बोअरचे पाणी उपसून प्लास्टिकच्या तळ्यात भरणे याला मी जलसंधारण म्हणत नाही. ते गावाचे पाणी उन्हात वाळत घालणे आहे.

या हंगामात एक करून पाहा. शेताच्या एका पट्टीत विरळणी आणि तिन्ही कोळपण्या वेळेवर करा, शेजारच्या पट्टीत नेहमीप्रमाणे चालू द्या. दोन्हींची कणसे वेगळी मळा, कडबाही वेगळा बांधा, आणि वजने वहीत लिहून पुढच्या मेळाव्याला घेऊन या.