सांडायची सोय

आपल्याकडे ट्रे म्हणजे कप नेण्या-आणण्याची वस्तू. चीनच्या ग्वांगदोंग प्रांतात, छाओचौ शहरात, चहाचा ट्रे जागचा हलत नाही. तो पाणी झेलतो.

तिथल्या गोंगफू चहाची मातीची किटली छोटीशी, जेमतेम १००-१५० मिलिलिटरची. कप गरम पाण्यानं धुतात, किटली काठोकाठ भरतात, वरचा फेस काढतात, मग झाकण लावून बाहेरूनही उकळतं पाणी ओततात. म्हणजे पाणी सांडणारच! त्यासाठी हा सिरॅमिकचा गोल ट्रे: वर भोकं असलेली ताटली, खाली पाणी साठवणारं भांडं. आम्हा कोडवाल्यांच्या भाषेत, ओव्हरफ्लो आधीच हँडल केलाय.

खरा कस लागतो ही ताटली घडवताना. माती वाळताना आकसते, भट्टीत पुन्हा आकसते. कडा लवकर वाळल्या आणि मधला भाग ओलाच राहिला, की ताटली वाकते. मग वरचे कप डुगडुगतात. म्हणून कारागीर ती झाकून, सावकाश वाळवतो. इथे घाई चालत नाही.

हाताने घडवलेल्या ट्रेची किंमत ऐकून 'एवढे कशाला?' असं वाटलं, तर तो सपाट टेबलावर ठेवून ताटलीची कड बोटानं दाबून बघा. हलली नाही ना? त्याचेच पैसे आहेत ते.

चला, भेटू पुढच्या भागात!