नकाराची नोंद
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपले हुपरी चांदीचे गाव. वजन लिहून ठेवल्यावाचून चांदी कारागिराच्या हाती जात नाही. आम्हां परिचारिकांच्या हाती तर माणसाचा जीव असतो. तरी लिहिण्यात कसूर होते. माझीच एक कसूर आज सांगते.

काही वर्षांपूर्वी मी ज्या रुग्णालयात होते, तिथे आठवा महिना लागलेली एक बाई आली. रक्तदाब १६० वर ११०. डॉक्टरांनी दाखल व्हायला सांगितले. नवरा म्हणाला, "आत्ता नको." मी कागदावर लिहिले, "समजावले. नकार." खाली नवऱ्याची सही घेतली आणि सुटले.

तिसऱ्या रात्री डोके ठणकते, डोळ्यांपुढे अंधारी येते म्हणून तिला परत आणले. रात्रपाळीच्या बाईंना माझ्या कागदावरून काहीच उमगेना. रक्तदाबाचा आकडाही मी लिहिला नव्हता. सारे पहिल्यापासून विचारावे लागले. तेवढ्यात तिला झटके आले. बाई वाचली, मूल गेले. वेळेवर उपचार होऊन ते वाचलेच असते असे मी म्हणत नाही; पण तो वेळ माझ्यापायी गेला.

पुढे ती मला म्हणाली, "सिस्टर, मी कुठं नको म्हटलं? धाकटीला बघाय घरात कोण न्हवतं." हे मी तिला विचारलेच नव्हते!

२००८ साली समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की प्राणावर बेतलेले नसताना सज्ञान स्त्रीच्या वतीने तिच्या आईची संमतीही चालत नाही. मग नकार तरी दुसऱ्याचा कसा चालेल?

तेव्हापासून मी रुग्णाचे शब्द जसेच्या तसे लिहिते. नकाराचे कारण, सांगितलेला धोका, तो तिला समजला का, डॉक्टरांना केव्हा कळवले, कोणते लक्षण दिसताच परत यावे, हे सारे तारीख-वेळेसह लिहिते. 'हट्टी', 'अडाणी' असे शब्द लिहीत नाही. कारण कळले, तर पुष्कळदा वाटही निघते.

भगिनींनो, नाही म्हणण्याचा तुम्हांला हक्क आहे. पण ते तुमच्याच तोंडून येऊ द्या, कारणासह सांगा, आणि लिहिलेले वाचून मगच सही करा. मन बदलले तर नि:संकोच परत या. नकार लिहिला म्हणजे दार लागले असे नव्हे.