जीप अडली म्हणजे



दुसऱ्या महायुद्धासाठीं १९४१ पासून लाखोंच्या संख्येनें घडविलेली विलीज जीप पुढें आपल्या शेतांत, रानांत व घाटांतहि रुळली. त्या घडणीच्या जुन्या पेट्रोल-जीपा गरजेनें वा हौसेनें बाळगणारे लोक आजहि आहेत. अशी गाडी आडरानांत अडली म्हणजे मनुष्य आधीं धीर सोडतो, मग स्टार्टर दाबदाबून बॅटरी संपवितो आणि शेवटीं दिसेल तो स्क्रू पिळतो. मूळ दोष एक असतो, त्याचे अशानें तीन होतात! म्हणून माझें पहिलें सांगणें असें कीं, हात लावण्यापूर्वीं इंजिन कसें थांबलें तें आठवावें.

दिवा मालवावा तसें तें एकाएकीं थांबलें असेल, तर बहुधा दोष विजेचा. आचके देत, धापा टाकीत थांबलें असेल, तर बहुधा पेट्रोलचा.

स्टार्टर इंजिन फिरवीतच नसेल, तर बॅटरीच्या टोकांवर सांचलेला क्षार खरवडावा व तारा आवळाव्या. इंजिन फिरतें पण चालू होत नाहीं, अशा वेळीं एक प्लग काढून पहावा. तो कोरडा असेल, तर पेट्रोल पोंचत नाहीं. ओला असेल, तर ठिणगी पडत नाहीं, किंवा चोक फार वेळ ओढलेला राहिला आहे. ठिणगीसाठीं डिस्ट्रिब्यूटरचे पॉइंट प्रथम पहावे. ते उघडतात तेव्हां त्यांतील अंतर सुमारें अर्धा मिलिमीटर असावें. ओढा ओलांडतांना गाडी अडली, तर डिस्ट्रिब्यूटरचें झांकण आंतून कोरड्या फडक्यानें पुसणें, एवढा उपायहि पुष्कळदां पुरतो.

पेट्रोलची वाट टाकीपासून तपासावी. टाकीच्या झांकणाचें बारीक छिद्र धुळीनें बुजलें, तर बाहेरची हवा आंत जात नाहीं व पेट्रोल पुढें सरकत नाहीं. झांकण सैल करतांच गाडी चालूं लागली, तर चोर सांपडला! वैशाखांत घाट चढतांना नळींतच पेट्रोलची वाफ होते. तेव्हां गाडी थांबवून, पंपावर ओलें फडकें ठेवून स्वस्थ वाट पहावी. हल्लीं आपल्याकडील पेट्रोलमध्यें २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतें. जुन्या रबरी नळ्या व पंपांतील पडदा त्यानें लवकर खराब होऊं शकतात, हेंहि ध्यानांत असावें.

दोन गोष्टी मात्र जिवाशीं गांठ घालणाऱ्या आहेत. कार्बुरेटरमध्यें वरून पेट्रोल ओतून इंजिन फिरवूं नये. उलटा भडका उडाला तर ओतणारा होरपळतो. आणि चढावर गाडी अडली, तर कोणत्याहि तपासणीपूर्वीं हँडब्रेक ओढून चाकांमागें दगड द्यावे. हँडल मारतांना गियर न्यूट्रलमध्यें हवा, आणि आंगठा बोटांच्याच बाजूस; नाहीं तर इंजिनानें उलटा झटका दिल्यास तो मोडावयाचा.

एका वेळीं एकच गोष्ट बदलावी, तिचा परिणाम पहावा, व मगच दुसरीकडे वळावें. असा मनुष्य बहुधा अंधार पडण्यापूर्वीं घरीं पोंचतो.