थांबून काढलेला फोटो
(रात्रीच्या वर्गात दिलेले भाषण)

मंडळी,

आज पाढे नाहीत, हिशेबही नाही. आज मी तुम्हांला फोटोची गोष्ट सांगणार आहे.

फोटो आपण सगळ्यांनी पाहिलेत. मोबाइल आल्यापासून तर घरोघरी कॅमेरा आला. बटण दाबलं की फोटो झाला. पापणी लवायच्या आत! पण सगळेच फोटो असे निघत नाहीत. काहींना दहा सेकंद लागतात, तर काहींना अर्धा तास. नदी, डोंगर, चांदणं यांचे फोटो असे सावकाश काढतात. ते कसे, हे आज पाहू.

कॅमेरा म्हणजे एक अंधारी पेटी. तिला पुढं भोक असतं, भोकावर भिंग असतं, आणि आत एक झडप असते. झडप उघडली की उजेड आत जातो. समोरच्या देखाव्याचं चित्र आत उमटतं.

उजेड म्हणजे पाणी समजा. मोठ्या धारेखाली घागर लगेच भरते. बारीक झऱ्याखाली ठेवली, तर वाट पाहावी लागते. इथंही तसंच आहे. दुपारी उजेड भरपूर असतो. झडप क्षणभर उघडली तरी पुरते. सांजवेळी उजेड कमी असतो. मग झडप जास्त वेळ उघडी ठेवावी लागते.

पूर्वी तर फारच वेळ लागे. फ्रान्स देशात न्येप्स नावाचे एक गृहस्थ होते. सुमारे 1826-27 साली त्यांनी आपल्या घराच्या खिडकीतून दिसणारा देखावा टिपला. धातूच्या पत्र्यावर डांबराचा लेप देऊन त्यांनी तो फोटो काढला. झडप किती वेळ उघडी ठेवली असेल? निदान आठ तास, असं सांगतात. काही जाणकार तर कित्येक दिवस म्हणतात. तेवढ्या वेळात सूर्य इकडून तिकडं गेला. म्हणून त्या फोटोत इमारतींच्या दोन्ही बाजूंना ऊन दिसतं!

पुढं 1838 साली दागेर नावाच्या दुसऱ्या फ्रेंच माणसानं पॅरिस शहरातल्या एका रस्त्याचा फोटो काढला. झडप काही मिनिटं उघडी होती. रस्ता वाहता होता. पण फोटोत सगळा मोकळा दिसतो. माणसं गेली कुठं? चालत्या माणसाचा उजेड एका जागी साठत नाही. म्हणून ती उमटलीच नाहीत. एक माणूस मात्र दिसतो. तो बूट पुसून घेत एका जागी उभा होता. चालणारे पुसले गेले, थांबलेला राहिला.

आता तुम्ही म्हणाल, "गुरुजी, असा फोटो आम्हांला काढता येईल का?" येईल की. पण चार गोष्टी ध्यानात ठेवा.

पहिली गोष्ट. कॅमेरा हलता कामा नये. तिपाईवर ठेवा. तिपाई नसेल, तर दगडी कठड्यावर धान्याची लहान पिशवी ठेवा आणि तिच्यावर कॅमेरा नीट बसवा.

दुसरी गोष्ट. बोटाच्या धक्क्यानंही चित्र हलतं. कॅमेऱ्यात दोन किंवा दहा सेकंदांनी फोटो काढण्याची सोय असते, ती लावा आणि हात बाजूला घ्या.

तिसरी गोष्ट. वेळ सांजेची किंवा पहाटेची निवडा. भर उन्हात झडप फार वेळ उघडी राहिली, तर फोटो पांढराफटक होतो. दिवसा काढायचाच असेल, तर भिंगापुढं काळी काच लावतात.

चौथी गोष्ट. पावसाळ्यात धबधब्याजवळ फोटो काढाल, तर काठावर जाऊ नका. शेवाळ फार वाईट. दुरून काढा. झडप एक-दोन सेकंद उघडी राहिली, तरी पडतं पाणी पिंजलेल्या कापसासारखं दिसतं.

रात्री कॅमेरा उत्तरेकडं लावून झडप अर्धा तास उघडी ठेवली, तर चांदण्यांच्या वाकड्या रेघा उमटतात. कारण पृथ्वी फिरते. आपला ध्रुव मात्र जवळजवळ जागच्या जागी राहतो.

आता माझ्या हातून झालेला एक फोटो सांगतो.

1988 साल. मी तेव्हा तरुण मास्तर होतो. एका मित्राचा कॅमेरा मागून आणला होता. त्रिपुरी पौर्णिमेला आमच्या गावच्या घाटावर दिवे लावतात. सारा गाव लोटतो. लोक म्हणाले, "मास्तर, सगळ्यांचा एक फोटो घ्या." मी कॅमेरा देवळाच्या कठड्यावर ठेवला. झडप उघडली आणि तीसपर्यंत आकडे मोजले.

आठ दिवसांनी फोटो धुऊन आला. पाहतो तर घाट रिकामा! पाणी दुधासारखं झालेलं. हातातल्या दिव्यांच्या नुसत्या रेघा उमटलेल्या. लोक हसले. म्हणाले, "मास्तर, आम्हांला कुठं पाठवलंत?" मला लाज वाटली. फोटोच्या मागं मी पेन्सिलीनं लिहिलं, "बिघडला." आणि तो ट्रंकेत टाकून दिला.

माझी आई फोटो काढू देत नसे. कॅमेरा दिसला की पदर तोंडावर घेई. दोन वर्षांनी ती गेली. भिंतीवर लावायला तिचा एकही फोटो घरात नव्हता. एक दिवस ट्रंक आवरताना तो बिघडलेला फोटो हाती आला. उजेडात धरून नीट पाहिला. खालच्या पायरीवर, एका दिव्याशेजारी, कुणीतरी बसलेलं होतं.

ती आई होती. तिचे गुडघे दुखत. म्हणून दिवा लावून ती तिथंच बसून राहिली होती. पाण्याकडं पाहत. तिला फोटोचं काही ठाऊक नव्हतं. चेहरा पुसट आहे, पण बसणं तिचंच आहे. साऱ्या गावातून तेवढी तीच उमटली होती.

मी "बिघडला" हा शब्द खोडला. खाली लिहिलं, "आई. त्रिपुरी पौर्णिमा, 1988."

मंडळी, तुम्हीही आपल्या नदीचा, आपल्या डोंगराचा असा एक फोटो काढा. घाई करू नका. निघाला नाही, तरी लगेच फेकू नका. मोबाइलमध्ये असेल, तर कागदावर छापून घ्या. आणि मागं गावाचं नाव, माणसाचं नाव आणि तारीख लिहा. आता तुम्हांला लिहिता येतं. ते दुसऱ्याकडून लिहून घ्यायची गरज नाही.