लय गायकाची, उशीर यंत्राचा

हेडफोन लावून गाताना स्वतःचाच आवाज जरासा उशिरा कानावर आला, तर पक्क्या तयारीचा गायकही डगमगतो. तो शब्द ओढू लागतो, समेवर यायला कचरतो आणि तबला पुढे निघून जातो. बर्नार्ड ली या अमेरिकी संशोधकाने १९५० साली बोलण्याच्या बाबतीत हाच प्रकार नोंदवला होता. माणसाला त्याचेच बोलणे किंचित उशिराने ऐकवले, की चांगला बोलणाराही अडखळतो, अक्षरे दुबार उच्चारतो. पुढे जपानमधल्या कुरिहारा आणि त्सुकादा या दोन संशोधकांनी समोरच्याचे बोलणे दोन दशांश सेकंद उशिराने त्याच्याकडे परत पाठवून त्याला गप्प करणारे यंत्रच बनवले. २०१२ साली त्यांना त्यासाठी इग नोबेल पुरस्कार मिळाला.

घरी संगणकावर गाणे रेकॉर्ड करणाऱ्यांच्या वाट्याला हा अनुभव रोज येतो. लॅपटॉप, एक माइक, तळहाताएवढा ऑडिओ इंटरफेस एवढ्या सामग्रीवर आज अभंगापासून जाहिरातीच्या जिंगलपर्यंत सगळे घरात तयार होते. पण तयार ट्रॅकवर गायला लागावे, तर आवाज मागे मागे येतो. याला या क्षेत्रातली मंडळी लेटन्सी म्हणतात. नवखा गायक मात्र दोष स्वतःकडे घेतो. आपण लयीत कच्चे आहोत असे ठरवून तो रियाज वाढवतो, तरी फरक पडत नाही, आणि शेवटी माइक कपाटात जातो. हे व्हायला नको. हा उशीर मोजता येतो, कुठून येतो ते शोधता येते आणि बहुतेक वेळा एक पैसा न खर्चता कमीही करता येतो.

आधी किती उशीर चालतो ते पाहू. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे एका मिलिसेकंदात ३४ सेंटिमीटर. मैफलीत तबलजी गायकापासून दीड मीटरवर बसला असेल, तर त्याची थाप गायकाला चार-साडेचार मिलिसेकंदांनी उशिरा ऐकू येते आणि कुणालाच ते जाणवत नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संगीत-संशोधन केंद्रात क्रिस चेफ यांनी दोन माणसांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून एकमेकांच्या साथीने टाळ्या वाजवायला लावल्या आणि मधला उशीर हळूहळू वाढवत नेला. साधारण साडेअकरा मिलिसेकंदांच्या खाली जोडी लय वाढवत गेली, त्याच्या वर लय पडत गेली. या आकड्यापाशी लय टिकून राहते.

आता द्रुत लयीचा हिशोब. मिनिटाला २४० मात्रा असतील, तर एक मात्रा २५० मिलिसेकंदांची. त्यात चौपट बोल आले, की दोन बोलांमध्ये जेमतेम ६२ मिलिसेकंद उरतात. इलेक्ट्रॉनिक पॅडवर तबला वाजवणाऱ्याला संगणकाने ३० मिलिसेकंद उशिरा उत्तर दिले, तर जवळजवळ अर्धा बोल हातातून निसटला. संथ भावगीताला हाच उशीर एक वेळ खपून जाईल.

गायकाची अडचण आणखी वेगळी आहे. त्याचा आवाज त्याला हाडांमधून लगेच ऐकू येतो आणि हेडफोनमधून थोड्या वेळाने. हे दोन आवाज कानात मिसळले, की काही स्वर-कंपने एकमेकांना खोडतात. उशीर ५ मिलिसेकंदांचा असेल तर १००, ३००, ५०० हर्ट्‌झ अशी ओळीने कंपने क्षीण होतात. उशीर म्हणून हे जाणवत नाही, आवाज पोकळ आणि नाकातला वाटतो एवढेच. मग लोक माइक बदलतात, खोलीत गाद्या लावतात. बिचाऱ्या माइकचा त्यात काहीच दोष नसतो.

हा उशीर येतो कुठून? माइकमधला विद्युतप्रवाह इंटरफेसमध्ये आकड्यांत बदलतो. सीडीच्या दर्जाचे रेकॉर्डिंग असेल, तर सेकंदाला ४४,१०० आकडे, ज्यांना सॅम्पल म्हणतात. संगणक हे आकडे सुटे सुटे घेत नाही. नळाखाली तांब्या धरावा, तो भरला की हंड्यात ओतावा, तसा तो सॅम्पल एका साठ्यात जमवतो आणि साठा भरला की पुढे नेतो. हा साठा म्हणजे बफर. ५१२ सॅम्पलचा बफर भरायला ११.६ मिलिसेकंद लागतात, २५६ चा ५.८ आणि १२८ चा २.९. असा एक बफर आत येताना लागतो, एक बाहेर जाताना. त्यावर आवाजाचे आकडे आणि आकड्यांचा आवाज करणारे भाग, यूएसबीची ये-जा आणि ड्रायव्हरने सावधगिरी म्हणून बाजूला ठेवलेला राखीव साठा, यांचे काही मिलिसेकंद चढतात. पडद्यावर १२८ दिसले म्हणजे उशीर २.९ झाला असे नव्हे. पूर्ण फेरी आठ-दहा मिलिसेकंदांपर्यंत सहज जाते.

कीबोर्ड वाजवणाऱ्याचे यातल्या त्यात बरे चालते. कीबोर्डचे निरोप संगणकाकडे नेणाऱ्या मिडीचा वेग १९८३ पासून सेकंदाला ३१,२५० बिट ठरलेला आहे, त्यामुळे एक स्वर दाबल्याचा निरोप एका मिलिसेकंदाच्या आत पोचतो आणि पुढे फक्त बाहेर जाणारा बफर आडवा येतो.

विंडोजवर पहिला संशयित ड्रायव्हरच असतो. विंडोजची जुनी ध्वनिव्यवस्था सिनेमा पाहण्यासाठी आणि गाणी ऐकण्यासाठी पुरेशी होती. वाजवणाऱ्याला तिचा उपयोग नव्हता, कारण तिथला उशीर सहज शंभर मिलिसेकंदांवर जाई. हॅम्बर्गच्या स्टाइनबर्ग कंपनीने १९९७ साली एएसआयओ नावाचा रस्ता काढला. त्यात संगीताचे सॉफ्टवेअर मधले थर वगळून थेट इंटरफेसशी बोलते. म्हणून सॉफ्टवेअरच्या ऑडिओ सेटिंगमध्ये इंटरफेसच्याच कंपनीचा एएसआयओ ड्रायव्हर निवडलेला आहे ना, हे सगळ्यात आधी पाहावे. तो कंपनीच्या संकेतस्थळावरून स्वतः उतरवून घ्यावा लागतो. इंटरफेस जोडल्यावर आवाज आला म्हणजे काम झाले असे समजून कित्येक जण इथेच फसतात. एएसआयओ-फॉर-ऑल नावाचा फुकट ड्रायव्हर लॅपटॉपच्या अंगच्या साउंडकार्डावरही चालतो. तो तात्पुरती सोय म्हणून ठीक आहे, स्वतःचा ड्रायव्हर असलेल्या इंटरफेसवर मात्र तो घालू नये. मॅकवर कोअर ऑडिओ मुळातच हे काम नीट करतो. लिनक्सवर पॉल डेव्हिस यांनी लिहिलेल्या जॅक या सॉफ्टवेअरने ही वाट मोकळी केली.

ड्रायव्हर लागला, की त्याचे कंट्रोल पॅनेल उघडावे आणि ट्रॅक वाजता ठेवून बफर एकेक पायरी खाली आणावा. ५१२, मग २५६, मग १२८. कुठेतरी आवाज तडतडू लागतो. ठरलेल्या वेळात साठा भरून झाला नाही, याची ती खूण. तिथून एक पायरी वर यावे. पण तडतड २५६ वरच सुरू झाली, तर संगणक जुना झाला असे लगेच ठरवू नये. अनेकदा प्रोसेसर निवांत असतो आणि दुसराच कुठलातरी ड्रायव्हर त्याला मध्येच अडवून धरतो. लेटन्सीमॉन नावाचे साधन दहा मिनिटे चालू ठेवले, की दोषी ड्रायव्हरचे नाव समोर येते. लॅपटॉपवर बऱ्याचदा ते वायफायचे किंवा बॅटरीचे असते. रेकॉर्डिंगपुरते वायफाय बंद करावे, पॉवर सेटिंग पूर्ण क्षमतेवर ठेवावे, चार्जर लावलेला असावा आणि इंटरफेस हबमध्ये न लावता थेट लॅपटॉपच्या यूएसबीत लावावा. सॅम्पलचा वेग ९६,००० केला, की १२८ चा बफर १.३ मिलिसेकंदांत भरतो हे खरे, पण प्रोसेसरचे काम दुप्पट होते आणि फाइली दुप्पट जागा खातात. घरगुती कामासाठी हा उपाय महागडाच म्हणावा लागेल.

ब्लूटूथ हेडफोनचा विषय एका वाक्यात संपतो: त्यांचा उशीर शंभर ते अडीचशे मिलिसेकंदांचा असतो, तेव्हा रेकॉर्डिंगला वायरवालेच हेडफोन घ्यावेत.

ही अडचण संगणकाने जन्माला घातलेली नाही. टेपच्या काळात रेकॉर्ड करणारे हेड आणि ऐकवणारे हेड वेगळे असे. सेकंदाला १५ इंच पळणाऱ्या टेपवर त्या दोघांत एक इंचाचे अंतर म्हणजे ६७ मिलिसेकंदांचा उशीर. आधीचा ट्रॅक ऐकत त्यावर नवा आवाज चढवायचा, तर तो बरोबर तेवढा मागे पडे. अँपेक्स कंपनीच्या रॉस स्नायडर यांनी यावर सुंदर तोड काढली. गाणाऱ्याला आधीचा ट्रॅक रेकॉर्डच्याच हेडमधून ऐकवायचा. त्या हेडमधून आवाज थोडा बोदा येई, पण उशीर शून्य होता. गिटारवादक लेस पॉल यांच्याकडे १९५७ साली आलेले आठ ट्रॅकचे यंत्र याच तत्त्वावर चाले.

आजच्या इंटरफेसवरची डायरेक्ट मॉनिटरिंगची सोय स्नायडर यांच्याच विचाराची आहे. लांबचा फेरा टाळायचा. माइकचा आवाज संगणकात जातोच, पण गायकाच्या हेडफोनला तो इंटरफेसच्या आतूनच दिला जातो. संगणकाकडून येतो फक्त साथीचा ट्रॅक. मग बफर १०२४ असला तरी गायकाचे काही अडत नाही. घरी गाणाऱ्यांसाठी हाच उपाय सगळ्यात उत्तम, आणि तो बहुतेक इंटरफेसवर एका बटणाच्या अंतरावर असतो. एक पथ्य पाळावे लागते. सॉफ्टवेअरमध्ये त्या ट्रॅकचे मॉनिटरिंग बंद करायला हवे, नाहीतर एक आवाज आत्ताचा आणि एक मागाहून आलेला असे दोन ऐकू येतात आणि गोंधळ दुप्पट होतो. कोरडा आवाज कानाला बोचतो, ही गायकांची तक्रारही रास्त आहे. त्यासाठी कानात फक्त रिव्हर्बची शेपटी संगणकातून द्यावी. ती दहा-वीस मिलिसेकंदांनी उशिरा आली तरी खटकत नाही, कारण घुमारा मूळ आवाजाच्या मागूनच यायचा असतो.

सगळे जमले आणि तरी एके दिवशी अचानक आवाज मागे येऊ लागला, तर प्लगइन तपासावेत. काही लिमिटर आवाजाची उसळी आधीच ओळखण्यासाठी पुढचे थोडे सॅम्पल पाहून घेतात. लिनियर-फेज इक्वलायझर त्याहून जास्त सॅम्पल अडवतो. बाकीचे ट्रॅक सॉफ्टवेअर तेवढेच मागे ओढून जुळवून घेते, त्यामुळे ऐकताना सगळे सरळ वाटते आणि गायला बसल्यावर घात होतो. मास्टर ट्रॅकवरची असली अवजारे रेकॉर्डिंगच्या वेळी बंद ठेवावीत. लॉजिक या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये यासाठी लो लेटन्सी मोड आहे, क्यूबेसमध्येही तशी सोय आहे. मिक्सिंगला बसल्यावर बफर खुशाल १०२४ करावा, तेव्हा कुणी गात नसते.

आणखी एक बारीक दोष कानाला कळत नाही, पडद्यावर मात्र दिसतो. गाणाऱ्याने समेवर अचूक म्हटलेला शब्द रेकॉर्ड झाल्यावर किंचित मागे बसतो. ड्रायव्हर आपला उशीर सॉफ्टवेअरला सांगतो आणि सॉफ्टवेअर तेवढा ट्रॅक पुढे सरकवते, पण ड्रायव्हरने सांगितलेला आकडा चुकीचा असू शकतो. तपासायला एक केबल पुरते. ती इंटरफेसच्या आउटपुटमधून त्याच्याच इनपुटमध्ये लावावी, मेट्रोनोमची एक टिक वाजवून रेकॉर्ड करावी आणि दोन्ही टिका पडद्यावर पूर्ण मोठ्या करून त्यांच्यातले सॅम्पल मोजावेत. समजा २१० सॅम्पलचे अंतर दिसले, तर ते ४.८ मिलिसेकंद झाले. रीपर, लाइव्ह यांसारख्या सॉफ्टवेअरमध्ये हा आकडा एकदा भरून ठेवता येतो. बफर किंवा ड्रायव्हर बदलला, की टिक पुन्हा मोजावी. पाच मिलिसेकंद एका ट्रॅकवर क्षुल्लक वाटतात. पण एकाच गायकाने चार वेळा गाऊन केलेल्या कोरसमध्ये, किंवा झांजा आणि मृदंग वेगवेगळे घेतले असतील तेव्हा, ठेका सैल वाटतो तो अशा ठिकाणी.

एक उशीर मात्र कुठल्याही सेटिंगने जात नाही. इंटरनेटच्या केबलमधल्या काचेच्या तंतूतून प्रकाश एका मिलिसेकंदात साधारण २०० किलोमीटर जातो. मुंबई ते न्यूयॉर्क हे सरळ अंतर साडेबारा हजार किलोमीटर धरले, तर एका दिशेला ६२ मिलिसेकंद निव्वळ प्रवासात जातात, आणि प्रत्यक्ष केबल काही सरळ रेषेत टाकलेली नसते. अमेरिकेतल्या मराठी घरांमधली मुले इथल्या गुरूंकडे ऑनलाइन गाणे शिकतात, तेव्हा दोघांनी एका ठेक्यावर एकत्र गाणे भौतिकशास्त्रातच बसत नाही. म्हणून तानपुरा आणि तबला शिष्याच्या बाजूला वाजायला हवा, गुरूने ओळ म्हणून थांबायला हवे, आणि बंदिश बसली की शिष्याने ती आपल्याच संगणकावर, डायरेक्ट मॉनिटरिंग लावून रेकॉर्ड करून पाठवायला हवी. त्या रेकॉर्डिंगमध्ये समेवर जे काही घडले असेल, ते खरोखर शिष्याचे असेल आणि गुरूला त्यावर बोलता येईल.