सर्व्हर डाऊन : सेवा पुन्हा सुरू करण्यातला विवेक

अक्कलकोट तालुक्यातील मैंदर्गी येथे, जिथे मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषा रोजच्या व्यवहारात नांदतात, तिथे ‘सर्व्हर डाऊन आहे’ हे शब्द दोन्ही भाषिकांना आता सारखेच कळतात. १ मे २०१८ पासून राज्यात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला आणि शेतकऱ्याचा उतारा, दाखला, विम्याचा अर्ज अशा अनेक गोष्टी कुठल्यातरी दूरच्या संगणकाच्या चालण्यावर अवलंबून राहू लागल्या. त्यामुळे तो संगणक बंद पडतो म्हणजे नेमके काय होते, हा प्रश्न केवळ तंत्रज्ञांपुरता उरलेला नाही.

बहुतेक वेळा संगणक बंद पडलेलाच नसतो. त्याच्यावर चालणारी एखादी सेवा थांबलेली असते. सेवा म्हणजे पडद्यावर न दिसता अखंड चालू राहून विशिष्ट मागणीची वाट पाहणारा प्रोग्राम. अपाचे संकेतस्थळाची पाने पुरवते, मायएसक्यूएल नोंदी सांभाळते, एक्झिम ई-मेलची ने-आण करते. पूर्वी या सेवा थांबवण्या-चालवण्यासाठी आज्ञा टंकाव्या लागत. १९९६ च्या सुमारास सीपॅनेलसारखी कंट्रोल पॅनेले आली आणि हे काम ब्राउझरमधल्या एका बटणावर आले. सीपॅनेलच्या व्यवस्थापकीय भागाला डब्ल्यूएचएम म्हणतात; त्यात सेवांची यादी असते आणि हवी ती एकच सेवा रीस्टार्ट करता येते. सरकारी यंत्रणांची साधने वेगळी असली, तरी सेवा आणि यंत्र यांतला हा भेद तिथेही तोच आहे. मात्र ज्याने सामायिक होस्टिंगवर जागा भाड्याने घेतली आहे, त्याला हा अधिकार सहसा नसतो आणि तो नसणेच योग्य आहे, कारण त्याच यंत्रावर इतरांची शेकडो संकेतस्थळे चालू असू शकतात.

खरा विवेक लागतो तो पुढे. अपाचेला ‘ग्रेसफुल’ रीस्टार्ट दिला, तर चालू मागण्या पूर्ण होऊ दिल्या जातात आणि मगच जुन्या प्रक्रियांची जागा नव्या घेतात. साधा रीस्टार्ट मात्र चालू मागण्या मध्येच तोडतो. त्याहून नाजूक गोष्ट अशी की, चालू असलेली सेवा स्मृतीतल्या जुन्या मांडणीवर, म्हणजे कॉन्फिगरेशनवर, काम करत असते आणि मांडणीच्या फाइलमध्ये कोणी चुकीची ओळ लिहून ठेवली असली, तरी ती चूक तोपर्यंत उघड होत नाही. अशा वेळी सेवा थांबवली की ती पुन्हा उठतच नाही, आणि तेवढ्यावरून दोष रीस्टार्टचा असा समज होतो. म्हणून मांडणी आधी तपासून घेणे हा या कामातला पहिला नियम मानला पाहिजे. मायएसक्यूएलच्या बाबतीत जबरदस्तीने थांबवणे अधिक धोक्याचे असते. इनोडीबी प्रकारच्या तक्त्यांना नोंदवहीवरून स्वतःला सावरता येते, तर जुन्या मायआयसॅम प्रकारच्या तक्त्यांना तसे संरक्षण नसते आणि त्यांच्यात बिघाड राहून जाऊ शकतो.

रीस्टार्टने लक्षण जाते, कारण राहते. स्मृती संपत आल्यावर लिनक्स ही कार्यप्रणाली स्वतःच एखादी मोठी प्रक्रिया मारून टाकते आणि त्यात बळी पुष्कळदा मायएसक्यूएलचा जातो. डिस्क भरली असेल तर दहा वेळा सुरू करूनही सेवा नीट लिहू शकत नाही. या दोन्ही गोष्टी लॉगमध्ये, म्हणजे यंत्र स्वतः लिहीत असलेल्या नोंदींत, स्पष्ट उमटलेल्या असतात. पण रीस्टार्टचे बटण हाताशी असल्याने ती पाने उलटण्याची सवय मात्र मोडते, आणि हीच या सोयीची सर्वांत मोठी हानी आहे.

मैंदर्गीतून किंवा अक्कलकोटमधून जे तरुण या व्यवसायात जातील, त्यांनी रीस्टार्टचे बटण दाबण्यापूर्वी लॉगच्या शेवटच्या वीस ओळी वाचाव्यात, आणि कोणती सेवा, कधी, कोणत्या कारणाने पुन्हा सुरू केली याची तारीखवार नोंद ठेवावी.